मागच्या भिंतीचे मास्तर

रोज सकाळी तोंड धुऊन झालं की तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी, उजेडात उभा राहायचा आणि स्वतःच्या बोटांची हजेरी घ्यायचा. अंगठ्यापासून सुरुवात. एकेक बोट वाकवायचं, सरळ करायचं, मुळाशी चिमटीत धरून दाबायचं आणि वर्गात म्हणावं तितक्याच गंभीरपणे म्हणायचं, "हजर." डाव्या हाताची करंगळी दोनदा मोडून भलत्याच दिशेला तोंड करून बसली होती. तिच्यापाशी आला की म्हणायचा, "हजर, पण लक्ष खिडकीबाहेर."

"मग तिला बाकावर उभी कर," शेगडीपाशी दूध तापवणारी धाकटी बहीण म्हणायची.

"करणार आहे. रविवारी."

रविवारी सामना असायचा.

फुटबॉल तेव्हा गावात नवा होता. इतका नवा, की बघायला येणाऱ्यांत हसायला येणारेच जास्त. गॅसच्या कारखान्यामागची मोकळी जागा म्हणजे मैदान. दोन्ही टोकांना दोन-दोन खांब रोवायचे आणि वर आडव्या दांडीऐवजी फीत ताणून बांधायची. वारा सुटला की फीत झोके घ्यायची, आणि चेंडू तिच्या वरून गेला की खालून यावर अर्धा सामना भांडणात जायचा. खेळणारे म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी, पोस्टातले कारकून, एक पाववाला, आणि गोलात उभा तिसरीचा मास्तर. गोलात उभं राहायची कुणाला हौस नव्हती. पहिल्या दिवशी तो शाळेतून उशिरा पोचला, तोवर बाकीच्यांनी आपापल्या जागा पटकावल्या होत्या, आणि उरली ती त्याच्या वाट्याला आली, एवढंच.

पण पुढे तीच जागा त्याला अशी चिकटली की विचारू नका. जुळाऱ्याने त्याचं नाव ठेवलं 'कुलूप'. चुकून गोल झालाच तर मैदानभर ओरडा व्हायचा, "काय रे कुलपा, आज किल्ली कुणाला दिलीस?" आणि हा चिखलातून उठत म्हणायचा, "तुझ्याच खिशात होती, तूच पाडलीस."

चेंडू फाटला की तो धाकटीकडे यायचा. वडील हयात असताना पुढच्या खोलीत घोड्यांची खोगिरं आणि चामड्याच्या पिशव्या शिवायचे. ते गेले, पण त्यांची आरी, मेणाचा गोळा आणि जाड दोऱ्याची रिळं तशीच राहिली, आणि ती हातात धरायला घरात धाकटीच तेवढी शिकलेली. ती चेंडूची वादी सोडायची, आतला रबरी फुगा हलकेच ओढून काढायची, सगळं चामडं आतून बाहेर उलटं करायची आणि मग मांडीवर घेऊन टाके घालायची. तो समोर बसून वह्या तपासायचा. दोघं कितीतरी वेळ न बोलता काम करत. म्हणजे धाकटी न बोलता. तो सारखं काहीतरी पुटपुटतच असायचा.

"एक पोर हाडं मोडून घेतं, दुसरं चेंडूला ठिगळं लावतं," आई येता-जाता म्हणायची. "माझ्या पोटी एक तरी शहाणं जन्माला आलं असतं!" आणि असं म्हणत म्हणत त्याचा चिखलाने भरलेला लोकरी सदरा पाण्यात बुडवायची.

शाळेत त्याचा वर्ग तिसरीचा. लांबट, दाटीचा, आणि खिडक्या एकाच बाजूला. तो कधीही फळ्यापाशी उभा राहायचा नाही. फळ्यापाशी मुलं. कुणीतरी गणित सोडवायला पुढे यायचं आणि मास्तर उभे मागच्या भिंतीला खांदा टेकून, जिथे त्यांच्या खांद्याने चुना घासून गेला होता तिथे. हेडमास्तर पहिल्यांदा दारात आले तेव्हा त्यांना वाटलं, वर्ग मोकाट सुटलाय. "मास्तर कुठे आहेत?" त्यांनी विचारलं, तर सगळ्या वर्गाने मान न वळवता आपापल्या खांद्यावरून मागे बोट दाखवलं.

"समोरून मला नुसते चेहरे दिसतात साहेब," तो नंतर म्हणाला. "चेहरा काय, पोरं हवा तसा करतात. मान खोटं बोलत नाही. पेंगणारी मान वेगळी, घाबरलेली वेगळी. मागून सगळा खेळ दिसतो."

आणि मागून त्याची बडबड चालू असायची. ओरडणं नाही, नुसतं सोबत चालल्यासारखं बोलणं. "डावीकडून घे. हां. हातचा कुठे सांडलास? बघ, उचल. शाबास. खिडकीपाशी कुणीतरी चिमणीशी गप्पा मारतंय, चालू द्या, पण हळू." वर्गात छडी नव्हती. शेजारी चौथीच्या मास्तरांकडे मात्र चांगली तेल पाजलेली होती, आणि तिचा आवाज भिंतीपलीकडून तिसरीला रोज ऐकू यायचा. पुढच्या वर्षी काय वाढून ठेवलंय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

धाकटीनेही शिक्षकाची परीक्षा दिली होती आणि त्याच्यापेक्षा चांगल्या गुणांनी पास झाली होती. पण शाळेत बायकांना मिळायचा तो फक्त बालवर्ग. दिवसभर लहानग्यांची बोटं धरून अक्षरं गिरवून घ्यायची, नाकं पुसायची. ती तक्रार करायची नाही. फक्त तिसरीच्या दारावरून जाताना तिचे पाय हळू व्हायचे, आणि ते भावाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

मग युद्ध आलं.

आधी छापखान्यातली माणसं कमी झाली, मग पोस्टातली. रविवारी अकरा जण जमेनात तेव्हा सामने बंद पडले. एका संध्याकाळी तो टोपी खुंटीला अडकवून म्हणाला, "मीही नाव देऊन आलोय."

आईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. धाकटीने विचारलं, "बंदूक घेऊन?"

"छे गं. मला कधी आयुष्यात गोल मारता आलाय? जखमींना उचलून आणायला माणसं हवी आहेत. स्ट्रेचर. दोन माणसं, एक पुढे, एक मागे. मी सांगितलं, मला मागची बाजू द्या."

आईने ते खाली ठेवलं आणि ती म्हणाली, "जेवून घे."

दुसऱ्या दिवशी तो हेडमास्तरांच्या खोलीत गेला. धाकटी बाहेर बालवर्गाच्या पाट्या पुसत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"तिसरी धाकटीला द्या."

"मास्तर, अहो, ती पोरं आहेत की माकडं, आणि तुमच्या बहिणीचा आवाज दारापर्यंत पोचत नाही."

"ती माझ्याबरोबर लहानाची मोठी झालीय साहेब. माकडांची तिला सवय आहे."

हेडमास्तर हसले, पण लगेच गंभीर झाले. "हे बघा, थंडी संपली की तपासनीस येतील. तोवर वर्ग बाईंच्या हातात आलेला दिसला, तर वर्ग बाईंचा. नाही दिसला, तर तिसरी अर्धी करीन. अर्धी दुसरीत कोंबेन, अर्धी चौथीच्या मास्तरांकडे. आणि बाई परत आपल्या बालवर्गात. मग मला कुणी येऊन सांगू नका."

धाकटीच्या हातातल्या पाटीवरचं अक्षर कधीच पुसलं गेलं होतं, तरी ती पुसतच होती.

भाऊ गेला त्या सोमवारी ती तिसरीत शिरली आणि सरळ मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिला दुसरं काही सुचलंच नाही. वर्ग असाच चालतो, असं तिने पाहिलं होतं. तोच खांदा टेकायचा डाग, तीच जागा. तिने एका मुलीला फळ्यापाशी बोलावलं, गणित घातलं आणि मन लावून बघू लागली.

थोडा वेळ शांतता होती. मग एक मान वळली. मग दुसरी.

"काय झालं?"

"काही नाही बाई. तुम्ही आहात ना, ते बघितलं."

"आहे. पुढे बघ."

"हो बाई."

पुन्हा शांतता. पुन्हा माना. शेवटी सगळा वर्ग फळ्याकडे पाठ करून बसला, आणि फळ्यापाशी उभी असलेली मुलगी रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी मागे वळायच्या घाईत एकाने दौत उपडी केली, तिसऱ्या दिवशी दोघांची डोकी आपटली. धाकटी रागावली, तर सगळे खाली माना घालून बसले, आणि ती गप्प झाली की पुन्हा एकेक मान हळूच फिरू लागली. त्या आठवड्यात हेडमास्तर दोनदा दारात येऊन उभे राहिले आणि काही न बोलता निघून गेले. ते बोलले असते तर बरं, असं तिला वाटलं. घरी येऊन ती आईपाशी बसायची आणि काय शिकवलं असं आईने विचारलं की म्हणायची, "मान मोडायला."

प्रशिक्षण संपवून भाऊ रजेवर आला तेव्हा त्याच्या गणवेशाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. आई लगेच सुईदोरा घेऊन बसली. धाकटीने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "दादा, वर्ग माझ्या हातातून निसटत चाललाय. तपासनीस येतील आणि मी बालवर्गात. आणि ती अर्धी पोरं छडीखाली."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चल मैदानात."

"आता? मैदानात कुणी नाही."

"म्हणूनच चल."

मैदानात गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं. खांब उभे होते, फीत कुणीतरी सोडून नेली होती. त्याने तिला दोन खांबांच्या मध्ये उभं केलं, स्वतः काही अंतर पुढे जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि डोळे मिटून घेतले. "आता मी चालतो. समोर गटार आहे, हे मला माहीत आहे. मला त्यात पाडू नकोस."

तो चालू लागला. ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. तो गटाराजवळ गेला, आणखी जवळ गेला, आणि मग घोट्यापर्यंत चिखलात गेला.

"अगं बये, बोल की!" तो ओरडला.

"मी बघत होते ना!"

"तू बघतेयस हे मला काय पाठीत दिसणार?" तो बूट झाडत, हसत तिच्याकडे आला. "माझी चूक आहे. मी तुला कधी सांगितलंच नाही. गोलकीपर बडबड्या असतो, कारण पुढच्यांना मागे डोळे नसतात. तो गप्प बसला की सगळे मागे वळून बघतात, आणि तेवढ्यात गोल. पोरं माझ्याकडे बघायची नाहीत, कारण मी कानात असायचो. तू माझी जागा घेतलीस, आवाज घेतला नाहीस. बस्स. आता उद्यापासून बोलायचं."

ती खांबाला टेकली.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "तुझ्यासारखं सारखं बोलता नाही येत मला. माझा एक शब्द होतो तोवर तुझी अख्खी कविता होते."

"सवय होईल गं."

"नाही होणार. मला काम जवळून करायची सवय आहे. मांडीवर घेऊन. हात लावून." ती थांबली, आणि मग एकदम म्हणाली, "दादा, बाक भिंतींना लावले तर? तिन्ही बाजूंनी. घोड्याच्या नालासारखे. सगळ्यांची तोंडं आत, आणि मी मध्ये. म्हणजे मी कुठे आहे, हे कुणाला शोधायलाच नको."

"भिंतींना? मग अर्ध्यांना फळा तिरका दिसेल."

"फळा तिरका दिसेल, पण मी सरळ दिसेन."

"आणि मागची भिंत?"

"तिथेही बाक."

यावर तो जरा गप्प झाला. बारा महिने बडबडणारा माणूस गप्प झाला की लगेच कळतं. ती भिंत त्याला काही कमी प्यारी नव्हती. घरी परतताना त्याने एक-दोनदा पुन्हा आवाजाचा विषय काढून पाहिला, हातवारे करून शिकवूनही पाहिलं. धाकटीने नुसती नाही म्हणून मान हलवली. शेवटी दारात बूट काढताना तो म्हणाला, "हेडमास्तरांना झीट येईल हं."

"पाणी मारीन तोंडावर."

हेडमास्तरांना झीट आली नाही, पण त्यांनी कपाळाला हात मात्र लावला. तरी दारातून परत फिरताना ते दोन पावलं थांबले, कारण वर्गात एकही मान वळत नव्हती. धाकटी नालाच्या आत एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जात होती, इथे पाटीवरचं एक अक्षर बोटाने दुरुस्त करत, तिथे नुसता खांद्यावर हात ठेवत. आवाज दारापर्यंत पोचत नव्हता, हे खरंच होतं. पोचायची गरजही नव्हती.

थंडी संपली, आणि तपासनीस आले. जाडजूड, घाईचे गृहस्थ. सवयीने शिक्षकाच्या खुर्चीकडे वळले, तर खुर्ची नाही. मग वर्गाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि तिथेच फसले. त्यांनी समोर प्रश्न विचारला, उत्तर पाठीमागून आलं. ते वळले. तोवर उजवीकडून एकजण म्हणाला, "ते बरोबर नाही, ती हातचा विसरली." ते उजवीकडे वळले, तर विसरलेलीने मागून स्वतःची चूक सुधारूनही टाकली होती.

"साहेब, तुम्ही फिरू नका," डावीकडच्या एका पोराने कळवळून सांगितलं. "चक्कर येईल. उभे राहा, आम्हीच सांगतो."

तपासनीस थांबले. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि एकाएकी मोठ्याने हसले. मग उरलेला सगळा वेळ ते एका जागी उभे राहून मुलांकडून गणितं ऐकत राहिले, आणि निघताना त्यांनी विचारलं, "बाक असे कुणी लावले?"

"मी," धाकटी म्हणाली.

"आमच्या शाळेचा नवा प्रयोग आहे साहेब," हेडमास्तर दारातून म्हणाले, आणि त्यांनी धाकटीकडे अजिबात बघितलं नाही.

तिसरी अर्धी झाली नाही.

त्यानंतर भाऊ एकदाच घरी आला, तेही मोजक्या रजेवर. परतीची गाडी भर दुपारी, शाळेच्या वेळेत होती. आईचा निरोप त्याने घरीच घेतला आणि पाठीवर पिशवी टाकून शाळेत आला. तिसरीच्या दारात उभा राहिला. मागच्या भिंतीपाशी, जिथे चुना घासला होता, तिथे आता एक वेणीवाली डोकं टेकून पाढे पाठ करत होती.

"मी कुठे उभा राहू?" त्याने विचारलं.

"बसा ना मास्तर," ती सरकत म्हणाली. "इथे कुणी उभं राहत नाही."

मग तो कोपऱ्यातल्या बाकावर दोघांच्या मध्ये अंग चोरून बसला, गुडघे हनुवटीला लागलेले, आणि धाकटी आपला धडा पुढे नेत राहिली. ती मध्येच त्याच्यासमोर येऊन थांबली. "सात आठे?"

त्याचं लक्ष नव्हतं. तो मुलांचे चेहरे बघत होता. इतकी वर्षं त्याने माना पाहिल्या होत्या, आणि आता एकदम सगळ्यांचे चेहरे समोर होते. "अं? चोपन्न," तो म्हणाला, आणि वर्गात जो आनंदीआनंद झाला तो चौथीच्या मास्तरांनी भिंतीवर छडी आपटेपर्यंत थांबला नाही. सगळ्यांत मोठ्याने तोच हसत होता.

तो परत आला नाही. स्ट्रेचरची पुढची बाजू धरणारा पाववाला, तोच संघातला, पायाने लंगडा होऊन परतला आणि एक दिवस घरी येऊन आईसमोर बसला. म्हणाला, शेवटच्या फेरीलाही कुलूप मागून बोलतच होता. डावीकडे खड्डा. सावकाश. हां, असंच. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही, मावशी, गरजच पडायची नाही. तोफगोळा पडला तो मागच्या बाजूला. मधे झोपलेला जखमी वाचला, त्याला दोन लहान मुलं होती, तो वाचला. आईने विचारलं, "आणि तुझी भट्टी?" तो म्हणाला, "चालू करतोय." आईने त्याला चहा करून दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत ती त्याच्यासमोरून हलली नाही.

धाकटीने तिसरी पुढे केस पांढरे होईपर्यंत शिकवली. तिच्या हाताखालून गेलेल्यांपैकी काहीजण पुढे मास्तर झाले, काही मास्तरीणबाई, आणि बाक भिंतींना लावणारे वर्ग इतर शाळांतही दिसू लागले. आज मैदानावर पक्क्या दांडीचे गोल आहेत. रविवारी मुली खेळतात, त्यातल्या कितीतरी तिच्या विद्यार्थिनींच्या नाती.

त्या शेवटच्या रजेच्या दुपारी धडा संपायच्या आधीच त्याला निघावं लागलं होतं. धाकटी दारापर्यंत गेली. मुलं बघत होती. तो अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेला, तिथे थांबला, घड्याळात बघितलं आणि गाडी चुकायची वेळ आलेली असताना धावत परत आला. त्याने खिडकीतून आत डोकं घातलं.

"अगं धाकटे, तुझ्या वर्गात त्या कोपऱ्यातल्या बाकावर ऊन थेट डोळ्यांत येतं गं. एक पडदा शिवून टाक."